रस्ता सरकारचा, गर्दी कुणाची?

2025 च्या सप्टेंबरमध्ये ‘ब्लॅकबक’ या मालवाहतूक क्षेत्रातल्या कंपनीचे सहसंस्थापक राजेश याबाजी यांनी समाजमाध्यमावर काही ओळी लिहिल्या आणि कर्नाटकच्या राजकारणात खळबळ उडाली. बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर, मारतहळ्ळीजवळच्या बेळ्ळंदूरला, नऊ वर्षं आमचं ऑफिस होतं. आता तिथं टिकणं फार कठीण झालंय. सहकाऱ्यांना एका बाजूच्या प्रवासाला दीड तासाहून जास्त वेळ लागतो. रस्त्यांवर खड्डे आणि धूळ आहे. पुढच्या पाच वर्षांत यात फरक पडेल असं दिसत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आंध्र प्रदेशचे मंत्री नारा लोकेश यांनी लगेच विशाखापट्टणमला येण्याचं निमंत्रण दिलं. सरकारला कुणी धमकावू नये, असं कर्नाटकचे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी सुनावलं. आपण शहर सोडत नाही, शहरातल्या शहरात जागा बदलतोय, असा खुलासा नंतर कंपनीनं केला. पण तोवर एक युक्तिवाद देशभर पक्का होऊन बसला होता: उद्योग आपलं काम चोख करतात, सरकारला मात्र त्यांना साधा रस्ता देता येत नाही.

मराठी वाचकाला हा युक्तिवाद नवा नाही. हिंजवडीच्या कोंडीबद्दल वर्षानुवर्षं आपण हेच ऐकत आलोय. फरक इतकाच, की हिंजवडीत कंपन्या बेंगळुरू-हैदराबादला निघून जातील अशी भीती घातली जाते आणि बेंगळुरूत विशाखापट्टणमची. मला या युक्तिवादाचा प्रतिवाद करायचा आहे. सरकारांची कातडी वाचवण्याची माझी इच्छा नाही. पण मारतहळ्ळीच्या पुलाखाली रोज सकाळी जी गर्दी तुंबते, तिचा मोठा भाग त्या रस्त्यावरच्या ऑफिसांनी केलेल्या कामाच्या आखणीतून तयार होतो, असं माझं ठाम मत आहे. कोणता माणूस, कुठल्या दिवशी, किती वाजता आणि कशासाठी ऑफिसात हवा, हे मुख्यमंत्री ठरवत नाहीत. ते कंपनीचं व्यवस्थापन ठरवतं. आणि जे आपण ठरवतो त्याच्या परिणामांची जबाबदारीही आपली असते.

आधी सरकारच्या पदरात त्याचं माप टाकू. रिंग रोड मुळात शहराबाहेरून वाहनं वळवण्यासाठी आखला गेला. त्याच्या कडेनं देवरबीसनहळ्ळी, कडुबीसनहळ्ळी, दोड्डनेक्कुंदी या गावांच्या जमिनींवर टेक पार्क उभे राहत गेले, त्यांना भराभर परवानग्या मिळत गेल्या आणि सार्वजनिक वाहतुकीची आठवण मागाहून झाली. सिल्क बोर्ड ते कृष्णराजपुरम या सुमारे 18 किलोमीटरच्या, 13 स्थानकांच्या मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती 2021 मध्ये. मारतहळ्ळी हे त्यातलंच एक स्थानक. ही मेट्रो वीस वर्षं आधी हवी होती, आणि मंजुरीनंतरही तिची मुदत पुन्हा पुन्हा पुढं सरकत गेली. तलाव आणि त्यांना जोडणारे नाले बुजले, म्हणून 2022 च्या सप्टेंबरात याच पट्ट्यात ऑफिसांच्या दारात पाणी साचलं आणि माणसं ट्रॅक्टरवर बसून बाहेर काढावी लागली. सरकारवरचा हा आरोप पूर्ण खरा आहे आणि त्यातला एक शब्दही मला मागं घ्यायचा नाही.

पण हे खरं मानल्यावरही एक प्रश्न उरतोच. रविवारी सकाळी सातला हाच रस्ता, याच खड्ड्यांसकट, मोकळा कसा असतो? आणि बुधवारी सकाळी साडेनऊला तोच का तुंबतो? खड्डे दोन्ही दिवशी तितकेच असतात. मेट्रोच्या कामाभोवतीचे पत्रेही तिथंच असतात. बदलते ती एकच गोष्ट: त्या तासाला त्या रस्त्यावर बोलावलेल्या माणसांची संख्या. 2025 च्या जुलैत बेंगळुरूच्या वाहतूक पोलिसांनी आउटर रिंग रोडवरच्या कंपन्यांना दोन गोष्टी सुचवल्या. बुधवारी घरून काम करू द्या, आणि ऑफिसच्या वेळा पुढंमागं करा, काही जणांना सकाळी साडेसातला सुरुवात करू द्या. बुधवारच का? कारण आठवड्यातली सगळ्यात जास्त गर्दी त्या दिवशी असते. ज्यांना आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात यायचंय ते मंगळवार, बुधवार, गुरुवार निवडतात, म्हणजे सोमवार आणि शुक्रवार घरी मिळतात. प्रत्येक कंपनीला आपापल्या पुरती ही सोय वाटते. पण पाचशे ऑफिसांनी तेच तीन दिवस आणि तोच तास निवडला, की शहराला ते झेपत नाही.

हे न कळण्याइतक्या या कंपन्या अजाण नाहीत. किंबहुना हेच त्यांचं विकायचं ज्ञान आहे. गोदामात माल कधी यावा, ट्रक कोणत्या दारी किती वाजता लागावा, विमानतळावरच्या प्रवाशांचा लोंढा तासातासांत कसा वाटावा, याची सॉफ्टवेअर मारतहळ्ळीच्या आसपासच्या इमारतींत लिहिली जातात. संगणकाच्या एकाच सर्व्हरवर सगळा भार पडत असेल तर तो दहांवर वाटून द्यावा, हे तिथला पहिल्या वर्षाचा अभियंताही सांगेल. बेंगळुरूजवळ बिडदीला टोयोटा किर्लोस्करचा मोटार कारखाना आहे. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीत ‘हेइजुन्का’ नावाचं एक तत्त्व पायाभूत मानतात: मागणी चढउतार करत असली तरी काम दिवसभर आणि आठवडाभर समान वाटून घ्यायचं, कारण भार एकदम आला की यंत्रही दमतं, माणूसही दमतो आणि उरलेल्या वेळी दोघंही रिकामे बसतात. गेली चाळीस वर्षं जगभरच्या व्यवस्थापन संस्था हे शिकवताहेत. मग आपल्याच माणसांच्या येण्याजाण्याला ते लावायला इतकी नाखुशी का?

पहिलं उत्तर ऐकू येतं ते असं: आमचे ग्राहक परदेशी आहेत, त्यांना शिस्त लागते, घरून किंवा वेगवेगळ्या वेळी काम केलं तर धंदा बुडेल. या उत्तराचा निकाल 2020 मध्येच लागलेला आहे. त्या मार्चमध्ये काही दिवसांत लाखो माणसं घरून काम करू लागली. 2021-22 या आर्थिक वर्षात, म्हणजे बहुतेक ऑफिसं रिकामी असताना, ‘नॅसकॉम’ या उद्योग संघटनेच्या हिशेबानं भारतीय माहिती तंत्रज्ञान उद्योगाची उलाढाल 15.5 टक्क्यांनी वाढून 227 अब्ज डॉलरवर गेली. ग्राहक पळाले नाहीत, उलट कामं वाढली. याच काळात, 2020 मध्ये, टीसीएसनं ‘25 बाय 25’ नावाचं धोरण जाहीर केलं होतं: 2025 पर्यंत कोणत्याही क्षणी कंपनीच्या जास्तीत जास्त 25 टक्के लोकांनीच ऑफिसात असण्याची गरज राहील. देशातल्या सगळ्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीनं पूर्ण विचार करून मांडलेली ती योजना होती. 2023 च्या ऑक्टोबरपासून त्याच कंपनीनं सर्वांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावलं आणि 2024 मध्ये तिमाही व्हेरिएबल पे हजेरीच्या टक्क्यांना बांधून टाकला. धोरण बदलण्याचा अधिकार कंपनीला आहे. पण पाच दिवसांची हजेरी ही अपरिहार्य गरज आहे, असं सांगण्याचा अधिकार त्या 2020 च्या योजनेनंतर उरत नाही.

यातली एक गोष्ट लवकर विसरली गेली. 2021 च्या ऑगस्टमध्ये कर्नाटक सरकारनंच नॅसकॉमला पत्र लिहून विनंती केली होती, की मेट्रोचं काम सुरू होतंय, तेव्हा आउटर रिंग रोडवरच्या कंपन्यांनी 2022 च्या डिसेंबरपर्यंत घरून काम चालू ठेवावं. याचा अर्थ असा, की रस्ता अर्धा खणलेला असणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं आणि लेखी ठाऊक होतं. तरीही तो खणलेला असतानाच हजेरीचे नियम एकामागून एक कडक होत गेले. रस्त्याची क्षमता कमी झालेली असताना त्यावरची मागणी वाढवायची आणि मग रस्ता तुंबला म्हणून सरकारकडं बोट दाखवायचं, ही उद्योगाच्या नेतृत्वाला शोभणारी गोष्ट नाही.

दुसरं उत्तर सहकार्याचं आहे. माणसं एकत्र बसली की कल्पना सुचतात, घरी बसली की कामचुकारपणा वाढतो, असं म्हणतात. याचंही मोजमाप झालेलं आहे. निकोलस ब्लूम, रूओबिंग हान आणि जेम्स लिआंग या संशोधकांनी ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतल्या 1,612 पदवीधर कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला आणि 2024 मध्ये तो ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या लोकांना आठवड्यातले दोन दिवस, बुधवार आणि शुक्रवार, घरून काम करू दिलं. पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या कामाच्या मूल्यमापनात किंवा बढत्यांत काहीही फरक पडला नाही. फरक पडला तो नोकरी सोडण्याच्या प्रमाणात: ते एक तृतीयांशानं घटलं. या अभ्यासातली मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट व्यवस्थापकांबद्दलची आहे. प्रयोगाआधी त्यांचा सरासरी अंदाज होता, की उत्पादकता अडीच टक्क्यांहून अधिक घसरेल. प्रयोगानंतर तेच व्यवस्थापक म्हणू लागले, की ती एक टक्क्यानं वाढली. त्यांच्या मनातली भीती अनुभवानं गेली. बेंगळुरूत तर हा अनुभव दोन वर्षं सक्तीनं घ्यावा लागला होता.

शिवाय ऑफिसात पोचल्यावर होतं काय, हेही प्रामाणिकपणे पाहावं. एकाच टीममधले तिघं पुण्यात, चौघं हैदराबादला, दोघं न्यू जर्सीत आणि पाच जण बेंगळुरूत अशी रचना आता सर्रास असते. मारतहळ्ळीच्या पुलाखाली तासभर अडकून आलेला अभियंता आपल्या जागेवर बसतो, कानाला हेडफोन लावतो आणि पडद्यावरच्या चेहऱ्यांशी बोलू लागतो. संध्याकाळी अमेरिकेची सकाळ होते तेव्हा त्याची खरी बैठक असते, ती तो परतीच्या कॅबमधून किंवा घरी पोचून करतो. ज्या सहकार्यासाठी त्याला बोलावलं ते त्याला ऑफिसात मिळतच नाही. एकत्र बसण्याचं मोल मी नाकारत नाही. आराखडा ठरवताना, भांडण सोडवताना, नव्या कामाची सुरुवात करताना समोरासमोर बसावंच. पण मग त्यासाठी कोण कुणासोबत आणि कोणत्या दिवशी बसणार हे ठरवावं लागतं. हजेरीच्या सरसकट फर्मानात ते ठरवण्याचे कष्टच टाळलेले असतात.

तिसरं उत्तर नव्यानं रुजू झालेल्यांबद्दलचं आहे आणि ते मला खरोखर वजनदार वाटतं. मारतहळ्ळी, मुन्नेकोळलू, कुंदलहळ्ळी या भागातल्या पीजींत लातूर, सोलापूर, कोल्हापूर, सांगलीकडून आलेली कितीतरी मराठी मुलंमुली राहतात. पहिली नोकरी, पहिला पगार, अनोळखी शहर. शेजारी बसलेल्या ज्येष्ठाच्या खांद्यावरून पडदा पाहत जे शिकता येतं ते व्हिडिओ कॉलवर मिळत नाही, हे बरोबरच आहे. पण याच मुलांना विचारा, की तुमचा ज्येष्ठ कुठल्या दिवशी येतो. बहुतेक ठिकाणी हजेरी ज्याच्या त्याच्या कार्डावर मोजली जाते. शिकणारा आणि शिकवणारा एकाच दिवशी आले का, हे कुणी मोजत नाही. नवीन मुलगा मंगळवारी येतो, त्याची मार्गदर्शक गुरुवारी येते आणि दोघांचीही हजेरी कार्डावर नोंदली जाते. नवोदितांच्या शिक्षणाची खरी काळजी असेल तर टीमनिहाय दिवस बांधून द्यावे लागतील, आणि तसे ते बांधले की टीमा आठवड्याच्या पाचही दिवसांवर आपोआप वाटल्या जातील. हा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही, तो त्याला बळकटीच देतो.

मग हे सोपं काम होत का नाही? कारण काम मोजणं कठीण आहे आणि माणूस मोजणं सोपं. दारावरचं यंत्र संध्याकाळी टक्केवारी काढून देतं आणि व्यवस्थापकाला आपण काहीतरी नियंत्रित करतोय असं वाटतं. ही मानसिकता महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवर एकदा नीट तपासली गेली आहे. 2008 च्या सुमारास ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या उत्तरेकडच्या तारापूर आणि उंबरगाव पट्ट्यात 17 कापड कंपन्यांच्या 28 कारखान्यांत एक प्रयोग केला. त्यातल्या काही कारखान्यांना व्यवस्थापनाचा फुकट सल्ला दिला: सुताच्या साठ्याची नोंद ठेवा, बिघाडांचा रोज आढावा घ्या, जमीन झाडून स्वच्छ ठेवा, दोष कुठं निर्माण होतो ते लिहून काढा. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. इतक्या स्वस्त सुधारणा मालकांनी आधी का केल्या नव्हत्या? संशोधकांना आढळलं, की काही पद्धती त्यांनी ऐकल्याच नव्हत्या आणि ज्या ऐकल्या होत्या त्यांचा आपल्याला फायदा होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. तारापूरच्या गिरणीमालकाला निदान नवखेपणाची सबब होती. मारतहळ्ळीच्या काचेच्या इमारतींतल्या, उत्तमोत्तम संस्थांतून व्यवस्थापन शिकून आलेल्या अधिकाऱ्यांना ती नाही.

आता हिशेबाच्या वहीकडं वळू, कारण खरं दुखणं तिथं आहे. 2022 च्या ऑगस्टअखेर पावसानं रिंग रोड तुंबला तेव्हा आउटर रिंग रोड कंपनीज असोसिएशननं तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांना पत्र लिहिलं. 30 ऑगस्टला कर्मचारी पाच तासांहून अधिक रस्त्यात अडकल्यानं कंपन्यांचं 225 कोटी रुपयांचं नुकसान झालं, असा आकडा त्यात होता. म्हणजे रस्त्यात वाया गेलेल्या तासाची किंमत काढता येते, आणि ती काढण्याची रीत या कंपन्यांना ठाऊक आहे. मग हीच रीत रोजच्या प्रवासाला लावून पाहू. हजार माणसांचं एक ऑफिस घ्या. याबाजींनीच सांगितलेला आकडा, एका बाजूला दीड तास, म्हणजे दिवसाला तीन तास. आठवड्याला तीन दिवस, महिन्याला बारा. एकूण 36,000 तास. आठ तासांच्या दिवसाप्रमाणे 4,500 दिवस, म्हणजे दोनशे माणसांचं महिनाभराचं पूर्ण काम. हजारांच्या ऑफिसात दरमहा दोनशे माणसांइतकं आयुष्य रस्त्यावर खर्च होतं आणि कंपनीच्या ताळेबंदात त्याची एक ओळही नसते. कारण हा वेळ कर्मचाऱ्याच्या झोपेतून, मुलांच्या अभ्यासातून, म्हाताऱ्या आईवडिलांना करायच्या फोनमधून कापला जातो. कंपनीच्या वेळेतले पाच तास गेले तर तो तोटा, आणि माणसाच्या स्वतःच्या वेळेतले तीन तास रोज गेले तर ती त्याची खासगी अडचण. हा दुटप्पी हिशेब मला मान्य नाही.

उद्योगाची जबाबदारी फाटकाच्या आत संपते, ही समजूत आपल्या परंपरेतलीही नाही. मारतहळ्ळीच्या पश्चिमेला लागूनच हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा विस्तीर्ण परिसर आहे. तो उद्योग सुरू केला सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी, 1940 च्या डिसेंबरात, म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत. पुढं तो सरकारी झाला, पण कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत आली, पाळ्या आल्या, कंपनीच्या बसगाड्या आल्या. माणूस कामावर कसा पोचणार हा तिथं कारखान्याच्या रचनेचाच भाग होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण तर या वादाला थेट लागू पडतं. बेळगावच्या नगरपालिकेच्या विस्तार योजनेत त्यांच्या कारखान्याची जागा गेली. म्हणजे त्यांनाही एका सरकारी निर्णयामुळं गाव सोडावं लागलं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि 1910 मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांनी त्या माळावर शेड आणि घरं एकत्र बांधली, कारण कामगाराचं राहणं आणि येणंजाणं ही कारखानदाराचीच चिंता आहे असं ते मानत. आज कुणी कंपनीनं गाव वसवावं असं मी म्हणत नाही. निदान वेळापत्रक तरी नीट बसवावं, एवढंच मागतोय.

यावर शेवटचं उत्तर येतं: आम्ही स्पर्धक आहोत, आमच्या वेळा एकमेकांशी जुळवणार कोण? याचं उत्तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही एमआयडीसीतला कामगार देईल. डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी, पिंपरी-भोसरीला गुरुवारी, नाशिकच्या सातपूर-अंबडला शनिवारी. ही विभागणी विजेसाठी झाली. सगळ्या राज्यातले कारखाने एकाच दिवशी सुरू आणि एकाच दिवशी बंद राहिले तर वीजपुरवठ्याला ते पेलत नव्हतं, म्हणून साप्ताहिक सुट्ट्या वाटून दिल्या. त्यात एकमेकांचे कट्टर स्पर्धक होते, लहान-मोठे होते, देशी-विदेशी होते. कुणाचा धंदा बुडाला नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरांनी आपले लग्नसमारंभ आणि बाजारहाट त्या गुरुवार-शुक्रवारभोवती बसवले. जे विजेच्या तारेसाठी जमलं ते रस्त्यासाठी का जमू नये? बेंगळुरूत तर कंपन्यांची संघटना आधीपासून आहे. मुख्यमंत्र्यांना पत्र लिहायला जी एकत्र येते तिला दिवस वाटून घ्यायलाही एकत्र येता येईल.

या सगळ्याची सर्वांत मोठी किंमत ज्यांना घरून काम करण्याचा पर्यायच नाही ते मोजतात, आणि त्यांच्या बाजूनं पत्र लिहिणारी संघटना नाही. टेक पार्कच्या फाटकावरचा पहारेकरी, मजले पुसणाऱ्या बाया, कँटीनमधला आचारी, बसचा चालक, रुग्णवाहिकेतला रुग्ण, विमान कारखान्यातला पाळीचा कामगार. यांना त्या रस्त्यानं जावंच लागतं. ज्याचं काम लॅपटॉपवर कुठूनही होऊ शकतं अशा माणसाला आपण विनाकारण त्याच तासाला रस्त्यावर आणतो, तेव्हा या सगळ्यांचा रस्ता आपण अडवत असतो.

आणि शहर सोडण्याची धमकी? ‘टॉमटॉम’ या कंपनीच्या 2024 च्या वाहतूक पाहणीत बेंगळुरूत 10 किलोमीटर जायला सरासरी 34 मिनिटं 10 सेकंद लागले आणि पुण्यात 33 मिनिटं 22 सेकंद. मधला फरक एका मिनिटाहूनही कमी आहे. पुण्याहून बेंगळुरूला आणि बेंगळुरूहून पुण्याला जाण्याच्या धमक्यांमधलं तथ्य या आकड्यांत दिसतं. कामाची आखणी तीच ठेवून गाव बदललं तर दहा वर्षांत तिथंही हेच होईल, कारण कंपनी आपली सवय सामानाबरोबर घेऊन जाते. विशाखापट्टणमचे रस्ते आज मोकळे आहेत, तसे एकेकाळी हिंजवडीचे आणि मारतहळ्ळीचेही होते.

म्हणून माझ्या मागण्या थेट आहेत. प्रत्येक मोठ्या कंपनीनं आपल्या ऑफिसात कोणत्या वारी, कोणत्या तासाला किती माणसं येतात, हे दरमहा जाहीर करावं. मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी विप्रोच्या सर्जापूर कॅम्पसमधून वाहनं जाऊ देण्याची विनंती केली तेव्हा अझीम प्रेमजींनी ती नाकारली, पण तज्ज्ञांकडून अभ्यास करवून घ्यायला हातभार लावण्याची तयारी दाखवली. तो अभ्यास करायचा तर पहिली माहिती लागेल ती हीच, आणि ती कंपन्यांच्याच दारावरच्या यंत्रांत साठलेली आहे. हजेरी माणसाच्या टक्क्यांवर न मोजता टीमच्या कामावर मोजावी. टीमनिहाय दिवस सोमवार ते शुक्रवार समान वाटावेत आणि ते शेजारच्या कंपन्यांशी मिळून वाटावेत. प्रवासाचे तास कंपनीच्या वार्षिक अहवालात आपल्या खर्चाच्या बाजूला दाखवावेत. आणि सरकारनं 2019 च्या ऑक्टोबरमध्ये सिल्क बोर्ड ते कृष्णराजपुरम दरम्यान सुरू केलेली, मेट्रोच्या कामात गुंडाळली गेलेली बसची राखीव मार्गिका परत आणावी. कंपन्यांनी त्या मार्गिकेच्या बाजूनं उभं राहावं, आपापल्या कारच्या बाजूनं नव्हे.

रस्ता, मेट्रो, नाले ही सरकारची जबाबदारी आहे आणि तिथं चुकणाऱ्या सरकारला धारेवर धरलंच पाहिजे. पण उद्योगाचं व्यवस्थापन सुधारणं ही उद्योगाची जबाबदारी आहे, आणि ती कुठल्याही मंत्र्याच्या सहीवाचून पुढच्या सोमवारपासून सुरू करता येते. मेट्रोला वर्षं लागतील, उड्डाणपुलांना लागतील, नाले मोकळे करायलाही लागतील. हजेरीचं परिपत्रक बदलायला एक दिवस पुरतो. जे एका दिवसात करता येतं ते आधी करून दाखवा. मग सरकारकडं जाल तेव्हा तुमच्या शब्दाला वजन असेल आणि तुमच्याच कर्मचाऱ्यांसकट सगळं शहर तुमच्या मागं उभं राहील.